दोन पेशींपाशी

संध्याकाळी पाचला सुई दिलेल्या माद्या
सकाळी आठला उघडायच्या.
उराबेबाई घड्याळाकडे बघत नाहीत,
बीजवाहिनीचा फुगवटा बघतात.
"हा बघ, भिजून तट्ट झालेला तांदळाचा दाणा."
चिमट्याचं टोक लागतं आणि आतून ढग घसरतो,
ढगात वीस-पंचवीस बीजांडं.
मोरिओकात ऑक्टोबरचा गारठा, खिडकीला दव.
थेंब मात्र सदतीस अंशांवर,
अंगावर तेलाचं पांघरूण घेऊन.

ही काळी उंदरं एकाच घराण्यातली.
भाऊ आणि बहीण, पुन्हा भाऊ आणि बहीण,
दोनशेच्या वर पिढ्या.
बाप तोच मामा, आत्या तीच आई.
एकाची कातडी दुसऱ्याला लावा,
अंग तिला परकी म्हणत नाही.
तरी एखादा चावरा निघतो,
एखादी कागदाच्या कपट्यांचं घरटं
तीनदा मोडून चौथ्यांदा लावते.
हे कुठून येतं, मी विचारलं होतं.
बाई म्हणाल्या, पिंजरा धू आधी.

काचेची बारीक नळी, तिला रबराची शेपटी,
शेपटीचं टोक आपल्या दातांत.
भ्रूण उचलायचं ते श्वासानं.
"फुंकू नकोस, तोगाशी.
काहीतरी बोलायचं ठरव
आणि मग गप्प बस.
तेवढाच श्वास पुरे."
मला ते जमायला अकरा महिने लागले.

आणि जमलं त्याच महिन्यात सगळं थांबलं.
दुसऱ्या दिवशी दोन पेशी.
तिसऱ्या दिवशी दोन.
चौथ्या दिवशीही दोनच, कडा काळपटलेल्या,
दारात येऊन आत यायचं की नाही
ते विसरलेल्या पाहुण्यांसारख्या.
पाणी बदललं, वायूची टाकी बदलली.
मी अत्तर सोडलं, मग साबणही.
रात्री घरी चॉपस्टिक धरलेला हात
न्याहाळत बसायचे,
आई विचारायची, भात बरा नाही का.

चार आठवडे. एकशे बारा माद्या.
हा आकडा नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे.

मग एका शुक्रवारी बाईंनी
आपल्या कपाटातून, सुटे मोजे आणि चहाच्या डब्यामागून,
जुन्या तेलाची अर्धी बाटली काढली.
अर्धे थेंब जुन्या तेलाखाली, अर्धे नव्या.
कुणाला काही सांगितलं नाही, मलाही.
सोमवारी नव्याखाली दोन पेशी, होत्या तिथेच,
आणि जुन्याखाली तुती,
भरगच्च, पिकलेली, काठोकाठ.
मी ओरडले. बाईंनी भिंग पुसलं
आणि पुन्हा बघितलं.

कंपनीचं पत्र आलं, फार नम्र.
त्या बाटल्यांच्या खेपेबद्दल दिलगिरी.
पत्रात माद्यांचा उल्लेख नव्हता,
तो असायचं काही कारणही नव्हतं.

संस्थेमागच्या टेकडीवर एक दगड आहे.
वर्षातून एकदा सगळे रांगेनं जातात,
संचालक, सफाईवाले, मुखपट्टी लावलेले विद्यार्थी,
प्रत्येकाच्या हातात एक पांढरं शेवंतीचं फूल.
बाई दगडापुढे जरा जास्त थांबल्या.
मागची रांग अवघडली.
ओठ तसेच होते,
नळी धरतात तसे,
बोलायचं ठरवून गप्प बसलेले.

विसाव्या दिवशी पांढऱ्या सरोगेट आईला पिल्लं झाली.
जन्मतात ती सगळी एकसारखी गुलाबी,
मग चौथ्या-पाचव्या दिवशी पाठीवर शाईचा ढग उतरतो.
ती आपल्याच वासाची म्हणून चाटते त्यांना,
काळ्याला काळा म्हणत नाही.
सहाव्या रात्री सटवाईला इथे काम नाही,
कपाळीचं सगळं कार्डावर आधीच लिहिलेलं:
वंश, तारीख, कुणाच्या प्रयोगासाठी.

"किती?" बाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.
"सात. एक लहान आहे."
"लहानही लिही."
मी आठ लिहिलं.
त्यांनी येऊन मोजलं, आणि ते खोडलं नाही,
सातांतच तो लहान धरलेला होता तरी.